पासवर्ड कंपनीच्या भरवशावर सोडू नका : गावातल्या मोबाइलसाठी करायची कामं

मार्च २०१९ मध्ये फेसबुकनं स्वतः कबूल केलं की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्याच कॉम्प्युटरवर जसेच्या तसे, वाचता येतील असे पडलेले सापडले. त्यात सगळ्यात जास्त लोक ‘फेसबुक लाइट’ वापरणारे होते. फेसबुक लाइट म्हणजे स्वस्त मोबाइलसाठी आणि जिथं रेंज धड मिळत नाही अशा भागासाठी काढलेलं ॲप. आमच्या घाटंजी तालुक्यात त्या काळी ज्याच्याजवळ पाच-सहा हजारांचा मोबाइल होता, त्याच्याकडे बहुतेक हेच असायचं. म्हणून ही बातमी मी अमेरिकेतली मानत नाही. ती आपल्याच लोकांची आहे.

मी गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, रिचार्ज. लोकांचे पासवर्ड रोज माझ्या कानावर पडतात, कारण आपल्याकडे पासवर्ड मोठ्यानं सांगायची सवय आहे. पोराचं नाव आणि पुढं एक दोन तीन, नाहीतर मोबाइल नंबर. आणि तोच एक पासवर्ड फेसबुकला, तोच जीमेलला, तोच बँकेला. काळजी मला त्याची वाटते. माझं सांगणं एकच आहे: तुमचा पासवर्ड कंपनीकडून कधी ना कधी बाहेर जाईल असं धरूनच चला. तो गेला तर तेवढं एक खातं जावं, बाकी सगळं शाबूत राहावं, अशी सोय आजच करून ठेवा.

आधी थोडं समजून घ्या. नीट काम करणाऱ्या कंपनीला तुमचा पासवर्ड माहीत नसतो. तुम्ही टाकलेला पासवर्ड गणिताच्या एका क्रियेतून जातो आणि त्यातून अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ निघते. ज्वारी दळली की पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, तसं त्या ओळीवरून पासवर्ड उलटा काढता येऊ नये, अशी ती क्रिया असते. पासवर्ड तोच टाकला की ओळ तीच येते, म्हणून कंपनी फक्त ओळ जपते आणि पुढच्या वेळी ओळीशी ओळ ताडून पाहते. फेसबुकच्या बाबतीत हे झालंच नाही. कोट्यवधी पासवर्ड आतल्या साठ्यात उघडे राहिले आणि कंपनीच्या नोकरांना ते पाहता येत होते. इन्स्टाग्रामची आधी हजारांत सांगितलेली खाती महिन्याभरात लाखांत असल्याचं सांगितलं गेलं. कोणी गैरवापर केल्याचं आढळलं नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगानं याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिचेच) ९ कोटी १० लाख युरोचा दंड लावला. चूक उघड झाली २०१९ मध्ये, दंड लागला २०२४ मध्ये. मधल्या पाच वर्षांत आपलं रक्षण आपल्यालाच करायचं होतं.

फेसबुक एकटं नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या तेहतीस कोटी वापरणाऱ्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं, कारण तिथंही ती क्रिया पूर्ण होण्याआधीच पासवर्ड आतल्या नोंदवहीत उतरत होते. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये पासवर्ड चोरीला गेले, आणि २०१६ मध्ये कळलं की चोरीचा आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. त्याच वर्षी खुद्द मार्क झुकेरबर्गची ट्विटर आणि पिंटरेस्टची खाती काही वेळ दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. ताबा घेणाऱ्यांनी सांगितलं की पासवर्ड लिंक्डइनच्या चोरीतून मिळाला. म्हणजे चोरी एका ठिकाणी झाली आणि खातं गेलं भलत्याच ठिकाणचं. एकच पासवर्ड सगळीकडे लावला की हे असंच होतं.

दुकानात एक काकाजी मला नेहमी म्हणतात, “बाई, माह्यापाशी लपवाले हायेच काय? फेसबुकवाले माह्या घरी येऊन पाह्यतीन काय?” मी त्यांना त्यांचाच मोबाइल दाखवते. त्याच मोबाइलवर कापसाच्या पैशांचा मेसेज येतो, त्याच मोबाइलवर पीएम किसानचा ओटीपी येतो, त्यातच नातीचे फोटो आहेत. लपवायचं काही नसलं तरी जपायचं बरंच असतं.

सुरुवात जीमेलपासून

पासवर्ड बदलायचे तर लोक आधी फेसबुकचा बदलायला बसतात. तसं करू नका. आधी जीमेल. बाकी बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’वाला निरोप जीमेलवर येतो, म्हणून जीमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळंच.

आणि इथंच गावातली मोठी अडचण आहे. तुमचं जीमेल खातं बहुतेक वेळा तुम्ही काढलेलंच नसतं. मोबाइल घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं दोन मिनिटांत काढून दिलं, पासवर्ड त्यानं ठरवला, आणि ओटीपी लवकर यावा म्हणून नंबरही कधी कधी स्वतःचाच टाकला. त्या पोराच्या मनात काही वाईट नसेल, पण खात्याची किल्ली त्याच्याकडे राहिली आहे. आज घरी गेल्यावर एवढं करा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘गूगल’ उघडा, तिथून तुमचं गूगल खातं, आणि त्यात सुरक्षेचा भाग. तिथं रिकव्हरीचा फोन नंबर आणि रिकव्हरीचा ईमेल लिहिलेला दिसेल. तो नंबर तुमचा आहे का ते एकेक आकडा वाचून पाहा. दुसऱ्याचा असेल तर काढा आणि आपला, नाहीतर घरातल्या विश्वासाच्या माणसाचा टाका. त्याच पानावर तुमचं खातं कोणकोणत्या मोबाइल-कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी असते. विकून टाकलेला जुना मोबाइल, पुण्याला असलेल्या भाच्याचा लॅपटॉप, एखादं सेवा केंद्र, सगळं त्यात निघतं. जे ओळखू येत नाही आणि जे आता वापरात नाही, तिथून साइन आउट करा. मग पासवर्ड बदला.

जुना पासवर्डच माहीत नसेल तर घाबरू नका. मोबाइलमध्ये खातं चालू आहे तोवर बहुतेक वेळा मोबाइलच्या स्क्रीनलॉकवरून नवा पासवर्ड ठेवता येतो. मात्र मोबाइल फुटल्यावर किंवा हरवल्यावर हे काम फार अवघड होऊन बसतं. म्हणून मोबाइल धड आहे तोवर करून घ्या.

पासवर्ड काढायचा कसा

जन्मतारीख नको. शंभर वर्षं धरली तरी त्यात तारखा साडेछत्तीस हजारच होतात, आणि कॉम्प्युटरला एवढ्या तारखा तपासायला काहीच वेळ लागत नाही. पोराचं नाव, बैलाचं नाव, गावाचं नाव आणि पुढं वर्ष, हेही नको. ती सगळी नावं तुमच्या फेसबुकवरच लिहिलेली असतात. पोळ्याच्या दिवशी बैलजोडीचा फोटो टाकून खाली दोघांची नावं लिहिणारे आपणच आहोत.

मी लोकांना चिठ्ठ्यांची पद्धत सांगते. जुन्या वहीच्या कागदाचे दोनशे तुकडे करायचे. घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रत्येकावर एक शब्द लिहायचा, आपला रोजचा: कुटार, तिफन, बिबा, सरकी, शिट्टी, रोडगा, डवरा, पायरी, अंबाडी, फुगा. सगळे तुकडे गमेल्यात टाकून हलवायचे. न बघता एक काढायचा, शब्द लिहून घ्यायचा, तुकडा परत टाकायचा, पुन्हा हलवायचं. असे पाच शब्द. समजा निघाले ‘रोडगा शिट्टी सरकी पायरी बिबा’. इंग्रजी अक्षरांत हे सलग टाइप केलं की झाला पासवर्ड. दोनशे शब्दांतून पाच वेळा उचललं तर बत्तीस हजार कोटी वेगवेगळ्या जोडण्या होतात. साइट आकडा आणि चिन्ह मागत असेल तर शेवटी एकेक जोडा. इथं लिहिलेला नमुना मात्र वापरू नका, तो आता सगळ्यांनी वाचला आहे.

शब्द मनानं निवडायचे नाहीत, ही त्यातली मुख्य गोष्ट. मनानं निवडले की माणूस म्हण लिहितो, देवाचं नाव लिहितो, भजनाची ओळ लिहितो. निघालेले शब्द आवडले नाहीत म्हणून पुन्हा काढणंही नको. पाठ व्हायला सोपं जातं. एका सत्तरीच्या आजीनं तिचे पाच शब्द जात्यावरच्या ओवीसारखे म्हणून म्हणून पाठ केले. ते कोणते हे मी तिला विचारलं नाही.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, लांबीवर भर द्या. सारखा बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा फक्त पुढं सरकवतात. बाहेर फुटल्याची बातमी आली, किंवा कोणाला कळल्याचा संशय आला, की मात्र त्याच दिवशी बदला.

असे स्वतः पाठ केलेले पासवर्ड दोनच लागतात: जीमेलचा आणि बँकेचा. बाकीच्या खात्यांचे मोबाइलमधल्या गूगललाच तयार करू द्या आणि साठवू द्या. माझी भाची मला म्हणाली, “मावशी, कंपन्यांवर भरवसा नाही म्हणता आणि पासवर्ड त्यांच्याचजवळ ठेवाले सांगता?” तिचा प्रश्न रास्त आहे. ज्याला गूगलकडे ठेवायचे नाहीत त्यानं पासवर्ड साठवायचं दुसरं ॲप, बिटवॉर्डन किंवा कीपास-डीएक्स, घ्यावं. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींचा कोड कोणालाही तपासता येतो. कीपास-डीएक्समध्ये पासवर्डची कुलूपबंद फाइल तुमच्या मोबाइलमध्येच राहते, मात्र तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी लागते. ज्याला हे झेपत नाही त्यानं गूगलमध्ये साठवले तरी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वहीत लिहून ठेवलं तर चालतं

पासवर्ड कागदावर लिहू नये असं सगळे सांगतात. मी लिहा म्हणते. तुमचं खातं चोरणारा माणूस शेकडो कोसांवर बसलेला आहे. तो तुमच्या घरातली पेटी उघडायला येत नाही. साधी वही घ्या, बॉलपेननं लिहा, पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळा आणि खरेदीखतं, पासबुकं जिथं असतात तिथं ठेवा. आमच्याकडे उदई, म्हणजे वाळवी, फार, म्हणून लाकडी पेटीपेक्षा पत्र्याचा डबा बरा. पाच शब्दांपैकी चारच लिहा; पाचवा डोक्यात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला तोंडी सांगून ठेवा. वही कोणाच्या हाती लागली तरी नुसत्या वहीवरून काही उघडता येत नाही.

वहीच्या पानाचा फोटो काढू नका. फोटो काढला की बहुतेक मोबाइलमध्ये तो गूगल फोटोजवर चढतो, आणि मग कागदावर लिहिण्याचा काही अर्थच राहत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं, हेही नको.

काही घरांत वही सुरक्षित नसते, हे मला माहीत आहे. माझ्याकडे अशा बाया येतात ज्यांचा मोबाइल नवरा रोज संध्याकाळी तपासतो, ज्यांचं सिम दिराच्या नावावर आहे. त्यांच्यासाठी धोका दूरचा नाही. ताई, तू काहीही लिहू नकोस, पाचही शब्द पाठ कर. मोबाइलला बोटाचा ठसा लावला असेल तर तो झोपेतही लावता येतो, म्हणून सहा आकडी पिन ठेव. गूगलमध्ये नोंदवलेले मोबाइल आणि व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ (तुझं व्हॉट्सॲप आणखी कुठं उघडं आहे त्याची यादी) अधूनमधून पाहत जा. आणि बचत गटाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्याला जोडलेलं सिम स्वतःच्या आधारवर घे.

मोबाइल नंबर हाही जपायचा ऐवज आहे

पासवर्ड बदलता येतो. नंबर बदलायचा म्हटलं तर बँक, आधार, गॅस, रेशन सगळीकडे फिरावं लागतं. म्हणून तो देताना हात आखडता ठेवा.

फेसबुकनं लोकांकडून सुरक्षेसाठी म्हणून नंबर घेतले आणि जाहिराती दाखवायलाही वापरले, हे २०१८ मध्ये उघड झालं. ट्विटरनंही तेच केलं. २०१३ ते २०१९ या काळात सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींना वापरल्याबद्दल त्यांना मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर भरावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांची माहिती नंबरांसकट इंटरनेटवर फुकट वाटली गेली. त्यात भारतातले लाखो लोक होते. नाव, गाव आणि नंबर एकत्र मिळाला की ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

तरीही दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतरचा कोड, लावायचाच. पण तो नंबरऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. या ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दिसतो, आणि त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही. ज्यांच्या घरात रेंज यायला गच्चीवर नाहीतर बांधावर जावं लागतं, त्यांना याचा फायदा लगेच कळतो. गूगल दहा बॅकअप कोडही देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते वहीत उतरवा. मोबाइल विहिरीत पडला तरी पासवर्डसोबत त्यातला एक कोड टाकला की खातं उघडतं.

दोन सिमची गोष्ट वेगळी सांगते, कारण तिनं आपल्याकडे फार नुकसान होतं. दोन्ही सिमला रिचार्ज परवडत नाही, मग एक तसंच पडून राहतं. नव्वद दिवस काहीच वापर नसला की सिम बंद होऊ शकतं आणि पुढं तो नंबर दुसऱ्याला दिला जातो. माझ्या दुकानातून नवं सिम घेतलेल्या एका मुलीला कितीतरी दिवस कोणा अनोळखी माणसाच्या बँकेचे मेसेज येत होते: शिल्लक किती, कुठं किती कापले, सगळं. तिच्या जागी लबाड माणूस असता तर ओटीपी त्याच्याच हातात होता. म्हणून सिम सोडायचं ठरवलं की आधी बँक, आधार, जीमेल, फेसबुक, व्हॉट्सॲप या सगळ्यांत नंबर बदला, आणि मगच रिचार्ज थांबवा.

तुमच्या मोबाइलमध्ये दुसऱ्यांचीही माहिती आहे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याकडेच लोक कमी पाहतात. ॲप नवं टाकलं की ‘कॉन्टॅक्ट्स पाहू का’ विचारतं आणि आपण हो म्हणतो. एका आशाताईंचा मोबाइल मी नीट करत होते. त्यात बायांचे नंबर नावासकट साठवलेले होते, आणि नावापुढं कितवा महिना, रक्त कमी आहे का, आधीचं बाळंतपण कुठं झालं, असं सगळं. त्यांच्या कामाला ते लागतंच. पण एखाद्या ॲपनं कॉन्टॅक्ट उचलले तर नंबरासोबत साठवलेलं नावही जातं. ज्या बाईनं स्वतः कधी फेसबुक पाहिलं नाही, तिच्या पोटातल्या बाळाची बातमी तिला न विचारता कुठल्या कंपनीकडे जाते. आम्ही दोघींनी बसून ती सगळी माहिती वहीत उतरवली आणि मोबाइलमध्ये नुसती नावं ठेवली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बचत गटाच्या अध्यक्षा, तुम्हीही हे पाहा.

एप्रिल २०१९ मध्ये उघड झालं की फेसबुक काही नव्या लोकांकडून थेट त्यांच्या ईमेलचा पासवर्ड मागत होतं, आणि त्यातून सुमारे पंधरा लाख लोकांचे ईमेलमधले संपर्क न विचारता उचलले गेले होते. मग नियम सरळ आहे: एका कंपनीचा पासवर्ड दुसऱ्या कंपनीच्या पानावर टाकायचा नाही, समोर खरं फेसबुक असलं तरी.

बंद कसं करायचं? मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’, त्यात फेसबुक, मग ‘परमिशन्स’. तिथं कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, कॉल लॉग नाकारा. फेसबुकच्या आत जाऊन कॉन्टॅक्ट अपलोड बंद करा, आणि आधी चढलेले असतील तर काढून टाका. मित्रयादी ‘फक्त मी’वर ठेवा, तुमचा फोटो लावून खोटं खातं काढणारा त्याच यादीतल्या लोकांना ‘दवाखान्यात आहे, पैसे टाक’ असा मेसेज पाठवतो. फेसबुकनं लॉगिन करून उघडलेले गेम आणि भविष्य सांगणारी ॲप्स सेटिंगमधून काढा. निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश कंपनीकडे २०१८ च्या प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली, ती अशाच एका प्रश्नोत्तरांच्या ॲपमधून, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते ॲप उघडलंही नव्हतं. त्यांच्या मित्रानं उघडलं होतं.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. २०१६ पासून त्यातला मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला, कंपनीलाही, वाचता येत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता हे कंपनीला कळतंच. ही माहिती मेटाच्या बाकी कंपन्यांना देण्याच्या २०२१ च्या नव्या अटींवरून आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड लावला. कंपनी त्यावर अपिलात गेली. तुम्ही तीन कामं करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनची सहा आकडी पिन ठेवा. बॅकअपला एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप, लावा, कारण ते आपोआप लागत नाही. आणि ‘लाभार्थी यादी’, ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’ अशा नावानं आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका, ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली तरी. त्याचा मोबाइल आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

सेवा केंद्रात आलात तर

माझ्या केंद्रात या, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या, काही गोष्टी हक्कानं मागा. पासवर्ड सांगू नका. कीबोर्ड आपल्याकडे ओढा आणि स्वतः टाका. टाइप जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत आणा. ब्राउझरनं ‘पासवर्ड सेव्ह करू का’ विचारलं तर ‘नाही’ दाबलेलं डोळ्यांनी पाहा. काम झालं की लॉग आउट करायला लावा. आधार, पासबुक स्कॅन केलं असेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल, तर डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून तुमच्यासमोर पुसायला सांगा. झेरॉक्सची बिघडलेली प्रत परत मागा. जिथं आधारचा पूर्ण नंबर लागत नाही तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं, ते काढून मागा. चांगला केंद्रचालक रागावणार नाही. जो रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

खातं गेलंच तर

पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. मग बँक. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार आणि जवळच्या ठाण्यात अर्ज. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘साधं फेसबुकचं प्रकरण आहे’ म्हणून कोणी परत पाठवलं तर हे कलम सांगा.

पैसे गेले नसतील, नुसतं खातं गेलं असेल, तर पुन्हा जीमेलपासूनच सुरुवात: पासवर्ड, रिकव्हरी नंबर, सगळीकडून साइन आउट. मग फेसबुकवर ‘खातं हॅक झालं’वाली वाट धरा. ओळखीच्या लोकांना फोन करून सांगा की माझ्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. गावातल्या ग्रुपवरही दुसऱ्याच्या मोबाइलवरून तसा मेसेज टाकून घ्या. संचारसाथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा, आपलं नसलेलं तिथूनच कळवा.

कायदा आपल्या बाजूनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, आणि कंपन्यांना बहुतेक तरतुदी पाळायला दीड वर्षाची मुदत मिळाली. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. तोवर चिठ्ठ्या करा.

बाजाराच्या दिवशी माझ्याकडे फार गर्दी असते आणि मागं उभा असलेला प्रत्येक जण तुमची स्क्रीन पाहतो. जीमेल नीट करायला सकाळी दहाच्या आत या, लाइन जायच्या आधी. येताना मोबाइल चार्ज करून आणा, चालू असलेली सगळी सिमं आणा, आणि पाच शब्द घरूनच काढून, पाठ करून या.